शिळ्या अन्नाचे औदार्य

होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाराष्ट्रीय घरांत, मग ते घर दिल्लीच्या सरकारी वसाहतीत असो की भोपाळच्या, एक लहानसा समारंभ न चुकता पार पडतो. डब्यातील उरलेल्या पुरणपोळ्या मोजल्या जातात, घरची मंडळी नाके मुरडतात, डबा दोन दिवस शीतकपाटात विसावतो आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईच्या हाती पडतो. ‘घेऊन जा, मुलांना होईल,’ हा त्यावरचा आशीर्वाद. या व्यवहारास आम्ही आजवर दान म्हणत आलो. आता आमचे स्पष्ट मत असे आहे की, हे दान नव्हे. अन्न टाकण्याचे पाप दुसऱ्याच्या हातून उरकून घेण्याची ही सभ्य रीत होय.

यावर कोणी गीतेचा सतरावा अध्याय पुढे करतील. शिळ्या अन्नाची गणना तेथे तामस आहारात केली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु जे अन्न साहेबांच्या पानात तामस ठरते, ते बाईच्या मुलांच्या पानात सात्त्विक कसे होते, याचा उलगडा आम्हांस कोणीही करून दिलेला नाही.

ज्या स्वयंपाकघराचे आपण वारस म्हणवितो, ते असे हतबल कधीच नव्हते. पुरणासाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी कोणा सुगरणीने फेकले नाही, म्हणूनच कटाची आमटी जन्मास आली. आज तिच्यावाचून पुरणपोळीचे पान सुने वाटते. उरल्या पुरणाची दिंडे होतात. श्रीखंडात कणीक भिजविली की पुऱ्या होतात, गुलाबजामांच्या पाकात मैदा मळला की शंकरपाळे. कालच्या वरणात भाजणी मळून थालीपीठ लावावे, बटाट्याच्या भाजीचे वडे तळावेत, साध्या पोळीचा कुस्करा करावा किंवा गूळतूप घालून लाडू वळावेत. यांत कोठेही दारिद्र्य नाही. आहे ती केवळ अक्कल.

परप्रांती राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांकडेही पाहावे. राजस्थानात व उत्तर प्रदेशात होळीनंतर बासोडा येतो. त्या दिवशी आदल्या दिवशीचे थंड अन्न शीतलादेवीस दाखवून घरातील लहानथोर तेच खातात. बंगालमधील अनेक घरांत सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या रात्री अख्ख्या शिजविलेल्या भाज्या व कडधान्ये थंडच वाढली जातात. तेथे शिळ्याचा पहिला मान देवतेचा, दुसरा यजमानाचा. आमच्याकडे तो मान फक्त मोलकरणीचा!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६३ कोटी टन घराघरांतून. तेव्हा ‘आमच्या चार पोळ्यांनी काय होते’ हा युक्तिवाद कोणी करू नये.

शिळे म्हणजे नासके नव्हे, हेही सांगणे प्राप्त आहे. शिजलेला भात तासन् तास उघड्यावर राहिला तर त्यात विषद्रव्य निर्माण होऊ शकते, आणि ते पुन्हा तापवूनही नाहीसे होत नाही. म्हणून पंगत उठताच उरला भात पसरून निववावा, शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी फोडणीस घालावा. जो भात आपण मुलाला वाढण्यास धजणार नाही, तो दुसऱ्याच्या मुलासाठी बांधून देणे यास औदार्य म्हणत नाहीत.

आमची मागणी लहानशी आहे. बाईला, माळ्याला, दारच्या शिपायाला जे द्यावयाचे ते सणाच्याच दिवशी, तव्यावरून उतरलेले, तुपासह द्यावे. उरेल ते दुसऱ्या दिवशी आपल्या पानात पडावे, यजमानांच्या आधी. आणि ज्यांस हे जड वाटेल, त्यांनी पुढल्या होळीस डाळ मोजून शिजत घालावी.