ताकाची तहान कशावर भागवायची?



'दुधाची तहान ताकावर भागवणं' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दूध नसलं तरी ताक घरात असणारच, हे त्या म्हणीत धरलेलंच आहे. आता मात्र प्रश्न उलटा झाला आहे. भोर-वेल्ह्याकडच्या घरांतूनही विचारणा होते, की ताक नसेल तर त्याऐवजी काय घालावं? कढीला काय, मटणाला काय, आणि मुलींनी मोबाइलवर पाहून करायला घेतलेल्या केकमधल्या 'बटरमिल्क'ला काय? या महिन्याचं सदर त्याच प्रश्नावर.

भोर-वेल्ह्यात ताक मिळत नाही, हे ऐकून लांबच्या बहिणींना नवल वाटेल. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे. डोंगर, पाऊस, भातखाचरं, उतारावर नाचणी-वरई आणि दारात एखादी म्हैस, असा हा सगळा मुलूख. पण दारात म्हैस असली म्हणजे घरात ताक असतंच, असं आता राहिलं नाही. सकाळचं दूध थेट केंद्रावर जातं आणि तिथे फॅट किती लागली यावर पैसे मिळतात. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, हे दराचं ठरलेलं माप. साय काढून घेतली की फॅट उतरते आणि पैसेही उतरतात. मग विरजण कुठलं, रवी कुठली आणि लोणी कुठलं? ज्यांच्याकडे जनावर नाही, त्यांच्याकडे पूर्वी रतीब असायचा, आता पिशवी आहे. पिशवीच्या दुधावर साय येते, पण घुसळण्याइतकी जमायला आठवडा जातो.

पूर्वी ज्या घरी घुसळण व्हायची, तिथून शेजारपाजारच्या घरी तांब्याभर ताक फुकट जायचं. मागणाऱ्यालाच थोडा संकोच वाटायचा, म्हणून तर 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण झाली. आज राजगड-तोरण्याच्या वाटेवर गड चढणाऱ्यांना ताक विकायला बायका बसतात. त्यांच्या कष्टाचे चार पैसे होतात, चांगलंच आहे. पण तेच ताक घरच्या कढीसाठी रोज विकत आणायचं म्हटलं, तर महिन्याच्या हिशोबात जाणवतं. म्हणून त्याची जागा कशाने भरायची, हे नीट माहीत असलेलं बरं.

आधी ताक कोणतं ते ओळखा

ताक म्हणून चार वेगळ्या गोष्टी आपल्यासमोर येतात. पहिलं, लोणी काढून उरलेलं खरं ताक. ते पातळ, आंबट आणि जवळजवळ बिनस्निग्ध असतं. दुसरं, दही पाण्यात घुसळून केलेलं घरचं ताक, यात लोणी तसंच राहतं. तिसरं, पिशवीतलं मसाला ताक. यात मीठ, जिरं, हिंग, कधी मिरची असते. प्यायला छान, पण केकमध्ये घातलं तर केक खारट होईल. चौथं म्हणजे परदेशी पाककृतींतलं 'बटरमिल्क'. ते आपल्या ताकासारखं पातळ नसतं. दुधाला विरजण लावून केलेलं, ओतता येईल असं दाट असतं. केकच्या कृतीत बटरमिल्क लिहिलेलं असताना आपण पातळ ताक ओतलं, तर पीठ सैल होतं आणि केक मध्ये बसतो. तेव्हा ताक घरात असलं, तरी केकसाठी दहीच जास्त जवळचं.

ताक तिथे काय काम करतं?

एका ताकाला एकच पर्याय सगळीकडे चालेल, असं समजू नका. त्या पदार्थात ताक कशासाठी आहे, हे विचारलं की पर्याय आपोआप सुचतो.

कढीत ताक म्हणजे पदार्थाचं अंगच. तिथे लिंबू पिळलेलं दूध चालणार नाही. तापवलं की दूध फाटून चोथा आणि पाणी वेगळं होईल. अर्धा कप दही, दीड कप पाणी आणि दोन मोठे चमचे बेसन गार असतानाच एकजीव घुसळा. मंद आचेवर सतत ढवळत ठेवा. बेसनामुळे दही फाटत नाही. दही गोडसर असेल तर उतरवल्यावर चार थेंब लिंबू पिळा.

दूध-दही अजिबात चालत नसेल, तर नारळाचं दूध आणि आमसुलाची सोलकढी करा. भोरहून वरंध घाट उतरला की महाड, म्हणजे कोकणच. आमसूल आणि आगळ या भागात परके नाहीत. मात्र सोलकढी उकळायची नाही. आणि आगळ केकमध्ये घालू नका. सोड्याशी गाठ पडली की त्याचा लाल रंग बिघडतो.

मटण-मुर्गमध्ये ताक किंवा दही गोश्त मऊ करायला आणि मसाला धरून ठेवायला लावतात. एक किलो मटणाला पाव किलो घट्ट दही पुरतं. दही नसेल, तर एक मोठा चमचा कच्च्या पपईचा लगदा लावून दोन तास ठेवा आणि आंबटपणासाठी शिजवताना टोमॅटो घाला. पपई रात्रभर लावून ठेवू नका, गोश्ताचा लगदा होतो. बकरी ईदच्या ताज्या गोश्ताला ही पपई विशेष उपयोगी. तळायच्या मुर्गला लिंबू पिळलेलं दूध चालतं, कारण ते नंतर निथळून टाकायचं असतं.

घावन, धिरडी, आंबोळी यांत ताक आंबवण्यासाठी असतं. तिथे ताकाऐवजी वेळ द्या. पीठ पाण्यात भिजवून रात्रभर ठेवलं की ते स्वतःच आंबतं. नाचणीची आंबील अशीच करता येते. दोन मोठे चमचे पीठ एक कप पाण्यात भिजवून ठेवा. आंबूस वास आला, की तीन कप उकळत्या पाण्यात ओतून शिजवा, वरून मीठ आणि जिरं. गार झाल्यावर दोन चमचे दही फेटून घातलं, की ताकाची उणीव जाणवत नाही. वेल्ह्याच्या पावसाळी गारठ्यात पीठ आंबायला जास्त वेळ लागतो, तेव्हा भांडं चुलीजवळ ठेवा.

केक, नानकटाई आणि सोडा

भाजायच्या पदार्थांत ताकाचं मुख्य काम सोड्याला जागं करणं. खाण्याचा सोडा आंबटाला भेटला की वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. आंबट नसेल, तर सोडा पुरता वापरला जात नाही आणि केकला साबणासारखी चव येते. साधारण अर्धा चहाचा चमचा सोड्याला एक कप ताक लागतं. एक कप म्हणजे २४० मिली. त्या एका कपाऐवजी यांपैकी काहीही घ्या:

– पाऊण कप दही आणि पाव कप पाणी, घुसळून. आमच्या मते सर्वांत उत्तम.

– कपात एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा सिरका घाला आणि वर कप भरेपर्यंत दूध ओता. दहा मिनिटं ठेवा. थोडं फुटल्यासारखं दिसेल, तसंच हवं. सिरक्याची तारीफ हदीसमध्ये आलेली आहे, त्यामुळे तो वापरताना मनात शंका नको.

– पनीर केल्यावर किंवा चक्का टांगल्यावर उरलेलं आंबट पाणी. ते पातळ असतं, म्हणून आधी पाऊण कपच घाला.

– दूध चालत नसेल, तर नारळाचं दूध आणि त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस.

– आंबट काहीच नसेल, तर साधं दूध घ्या आणि सोडा काढून टाका. अर्धा चमचा सोड्याच्या जागी दीड ते दोन चमचे बेकिंग पावडर घाला. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट दोन्ही असतात.

आणखी एक लक्षात ठेवा. आंबट आणि सोडा एकत्र आले, की लगेच भाजायला ठेवायचं. अर्धा तास गप्पांत गेला तर वायू उडून जातो. बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणणाऱ्या घरांनी पीठ मळल्यावर वेळ घालवू नये, तो याचसाठी.

नाचणी-गुळाचा केक, ताकाशिवाय

एक कप गव्हाचं पीठ, अर्धा कप नाचणीचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप दही, पाव कप पाणी, पाऊण कप किसलेला गूळ आणि पाव कपापेक्षा थोडं जास्त तेल, गूळ विरघळेपर्यंत फेटा. वेलचीपूड घाला. बाजारातल्या काही व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असतं. घ्यायचंच तर लेबल वाचून घ्या, नाहीतर आपली वेलची चांगली. कोरडं ओल्यात घालून अलगद मिसळा आणि तेल लावलेल्या डब्यात ओता. भट्टी १८० अंशांवर तापलेली असेल तर ३५ ते ४० मिनिटं. भट्टी नसेल, तर कुकरच्या तळाशी कपभर मीठ पसरा, स्टँड ठेवा, दहा मिनिटं तापवा. मग शिट्टी आणि रबर काढून, डबा आत ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.

नासलेलं दूध म्हणजे ताक नव्हे

हे मात्र जपून वाचा. जुन्या बायका आंबलेलं दूध भाकरीच्या पिठात वापरायच्या, हे खरं. ते कच्चं दूध असायचं, आणि त्यातल्या जंतूंनी ते आंबट व्हायचं. पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असतं. त्यातले ते जंतू बहुतेक गेलेले असतात. असं दूध बाहेर राहिलं तर आंबत नाही, सडतं. कडू चव, घाण वास किंवा तार सुटत असेल, तर ते टाकून द्या. फेकायला हात धजत नाही, हे आम्हाला कळतं. इस्राफ वाईटच. पण घरातल्या लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या नानीला जुलाब होणं, ही काटकसर नव्हे. ताजं दूध तापवताना नुसतं फाटलं आणि वास-चव चांगली असेल, तर लगेच पनीर करा आणि पाणी पोळीच्या पिठात किंवा डाळीत वापरा.

आणि प्यायचं ताक?

त्याला पर्याय नाही. सेहरीला भाताबरोबर प्यायलेल्या ताकाची जागा लिंबू पिळलेलं दूध घेणार नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की घरात म्हैस नसली तरी विरजण मोडू देऊ नका. अर्धा लिटर दूध उकळून, बोट सोसवेल इतकं कोमट झालं की चमचाभर दही लावा. गारठ्यात भांडं कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या दह्यातला पहिला चमचा पुढच्या विरजणासाठी बाजूला काढा, मगच वाढा. एवढं सांभाळलं, तर वरची अर्धी यादी लागणारच नाही.

सालन शिजवताना पाणी थोडं जास्त घालावं आणि शेजाऱ्याला द्यावं, अशी हुजूर (स.) यांची शिकवण आहे. ताकाइतकी ती कशालाच लागू पडत नाही. वाटीभर दह्यात पाणी वाढवलं की तांब्याभर ताक होतं. घरचं दही लागलं, की त्यातला एक पेला शेजारच्या भाभीकडे जाऊ द्या. तिच्याकडचं विरजण मोडलं असेल, तर चमचाभर दहीही द्या. अल्लाह सर्वांच्या घरात बरकत देवो. आमीन.