दोष तारेचा, आळ पोरीवर

कचेरीत काही बिघडले की आधी माणूस शोधतात आणि मग बिघाड. वीस-बावीस वर्षे कारकुनी करताना हे आम्ही पुष्कळदा पाहिले. पंखा बंद पडला की शेवटचे बटण कुणी दाबले, रजिस्टर सापडले नाही की काल कपाट कुणी उघडले. असा शोध सुरू झाला की तो वरच्या टेबलाकडे सहसा जात नाही. खाली खाली येतो आणि ज्याच्या नोकरीला धड कागद नाही त्याच्यापाशी थांबतो. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्या कचेरीतले इंटरनेट मंदावले, तेव्हा तो एका कंत्राटी मुलीपाशी येऊन थांबला.

कचेरीचे नाव सांगत नाही, मुलीचेही नाही. ती डेटा एंट्रीला होती, वय तेवीस. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाईलवर बँकेच्या परीक्षेची व्याख्याने ऐकायची. कचेरीचे वायफाय वापरायला साहेबांनीच तोंडी परवानगी दिली होती. पण तोंडी परवानगी काही बिघडेपर्यंतच टिकते.

महिन्याची १२ तारीख होती. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा भरणा १५ तारखेच्या आत करायचा होता आणि चलनाचे पान उघडेना. उघडले तर फाईल अर्ध्यावर अडकायची. उशीर झाला असता तर व्याज कचेरीच्या माथी आणि कामगारांची रक्कम लांबणीवर. साहेब वैतागले. वैतागण्यात त्यांची चूक नव्हती. पण "ही पोर दिवसभर व्हिडिओ बघते, मग नेट कसे चालेल?" असे म्हणून त्यांनी शेरे लिहायच्या वहीत लाल शाईने तिच्या नावाची नोंद केली. तिचा मोबाईल वायफायवरून काढला, पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी नेट होते तेवढेच मंद. तरीही कंत्राटदाराला पत्र लिहा, ही मुलगी बदलून द्या म्हणावे, असा हुकूम झाला.

पत्र आम्हीच टाइप करायचे होते. आम्ही साहेबांकडे फक्त एक दुपार मागून घेतली.

आम्ही बी.कॉम. आहोत, इंजिनीअर नव्हे. पण ज्याने आवक-जावक टेबल सांभाळले आहे त्याला राउटर समजायला जड जाऊ नये. बाहेरून आलेले टपाल ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचे आणि टेबलावरचे बाहेर धाडायचे, एवढेच ते यंत्र करते. टपाल मात्र छोट्या छोट्या पाकिटांत येते. एका साध्या फोटोचीही शेकडो पाकिटे होतात. फायबरची केसासारखी तार भिंतीतून येऊन एका छोट्या पेटीत शिरते. तिथे प्रकाशाचा संदेश विजेचा होतो. पेटीतून एक निळी तार राउटरला, राउटरमधून स्विचला आणि स्विचमधून टेबलाटेबलाला. वायफाय राउटरमधूनच हवेत जाते. नेट मंद झाले म्हणजे या साखळीतली कुठलीतरी कडी मंद झाली. कुठली, ते एकेक कडी वेगळी करून पाहावे लागते.

वाचक बंधू-भगिनींचा एक नेहमीचा घोटाळा इथेच सोडवून टाकू. कंपनी १०० एमबीपीएस म्हणते ते मेगाबिट. आपण फाईल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हा १०० च्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त फाईल उतरूच शकत नाही, प्रत्यक्षात अकराच्या आसपास उतरते. हा भागाकार न केल्यामुळे अनेकजण कंपनीच्या पोराशी निष्कारण भांडतात. दुसरे म्हणजे, वेग मोजायचा तो तारेने जोडलेल्या संगणकावर. वायफायवर मोजलेला आकडा भिंत, लोखंडी कपाट, शेजारच्या दुकानाचे वायफाय असे सगळे मिळून ठरवतात.

तर आम्ही काय केले ते सांगतो. पहिल्यांदा नेहमीसारखेच, राउटरला जोडलेल्या आमच्या टेबलावरच्या संगणकावर मोजले. १०० च्या जागी ९. (भारतात २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले होते आणि जानेवारी २०२३ मध्ये ती किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. म्हणजे आमचे रडतखडत चाललेले ९ मेगाबिटसुद्धा कागदोपत्री झकास ब्रॉडबँड!) मग राउटर बाजूला ठेवला आणि घरचा लॅपटॉप सरळ फायबरच्या पेटीला जोडला. कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड लॅपटॉपवर घालावे लागले, ते आमच्या जुन्या फाईलीत सापडले. आकडा आला ९४. असे मोजायचे ते पाचदहा मिनिटेच, कारण राउटर मध्ये नसला की संगणक उघड्यावर उभा असतो. पण तेवढ्यात कंपनी निर्दोष सुटली. फोनवरचा माणूस "आमच्या बाजूने सगळे ठीक आहे" असे म्हणत होता ते या खेपेला खरे निघाले.

आता मुख्य चाचणी. राउटर परत जोडला. वायफाय बंद केले. स्विचकडे जाणारी तार काढली. सगळ्या कचेरीत राउटरवर आमचा एकटा लॅपटॉप. मुलीचा मोबाईल साहेबांच्याच टेबलावर बंद करून ठेवलेला. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले होते. आकडा आला ९. पुन्हा मोजला, पुन्हा ९. साहेब काही बोलले नाहीत. चहा मागवला.

पत्र तिथेच राहिले. पण भरणा अजून व्हायचा होता.

आणि इथे आमच्याकडून तीच चूक झाली, जी साहेबांकडून झाली होती. राउटर मध्ये नसताना ९४, असताना ९, म्हणजे राउटर बाद, असे आम्ही ठोकून दिले. साडेतीन हजारांच्या नव्या राउटरसाठी मंजुरीची टिपणी लिहायलाही घेतली. ती मुलगी बाजूला उभी होती. दोन दिवस तिने कुणाशी शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "सर, दोन्ही वेळा तार तीच होती का?"

नव्हती. लॅपटॉप पेटीला जोडताना आम्ही पिशवीतली आमची तार वापरली होती. राउटर परत लावताना कचेरीची निळी तार. म्हणजे एका चाचणीत आम्ही दोन वस्तू बदलल्या आणि दोष एकीच्या माथी मारला.

मग आम्ही पिंग करून पाहिले. पिंग म्हणजे एक पाकीट पाठवायचे आणि उत्तर येते का, किती वेळात येते, ते पाहायचे. लॅपटॉपवरून राउटरपर्यंत शंभर पाकिटे पाठवली, एकही हरवले नाही. राउटरमधून बाहेर शंभर पाठवली, त्यांतली चार परत आली नाहीत. हरवत होती ती राउटरच्या पलीकडे. शिपाई मामांनी भिंतीकडचे लोखंडी कपाट हलवले. रंगकामाच्या वेळी ते सरकवले होते आणि त्याचा एक पाय नेमका निळ्या तारेवर बसला होता. तार चपटी झाली होती, वरचे प्लास्टिक फुटले होते. अशा तारेत आठ बारीक तारा जोड्याजोड्यांनी पीळ दिलेल्या असतात. पीळ मोडला की संदेशात खोट येते, आणि खोटे पाकीट यंत्र टाकून देते.

वाचक विचारतील, शंभरात चारच पाकिटे हरवतात, मग वेग शंभराचा शहाण्णव व्हावा, नऊ कसा? आम्हालाही हेच कोडे पडले होते. उत्तर जुन्या गोष्टीत सापडले. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांमधले अंतर होते ४०० यार्ड. माणूस चिठ्ठी घेऊन चालत गेला असता तर लवकर पोचला असता. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्याचा छडा लावला आणि मायकेल कॅरेल्स यांच्याबरोबर काम करून १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. पाकीट हरवले म्हणजे पुढे गर्दी आहे असे समजून पाठवणाऱ्याने आपला वेग झटकन कमी करावा आणि मग हळूहळू वाढवत न्यावा. त्या नियमाचे अनेक सुधारित अवतार आजही संगणकांत चालतात. नियम चांगला आहे, त्याच्यावरच इंटरनेट तगले. पण गर्दीत हरवलेले पाकीट आणि तुटक्या तारेत हरवलेले पाकीट यांतला फरक त्याला कळत नाही. आमच्या तारेत दर थोड्या वेळाने एखादे पाकीट मरत होते आणि संगणक दर वेळी गर्दी समजून पाऊल मागे घेत होता. वेग वर चढायला सवडच मिळत नव्हती.

१४ तारखेला सकाळी दुकान उघडताच तीन मीटरची नवी तार आणली, दोनशेच्या आत. वेग ९३. दुपारी बारापर्यंत भरणा झाला. चलनाची प्रत आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवली.

मधल्या काळात राउटर बंद-चालू करण्याचा विधी कचेरीत रोज दोनदा होत असे, त्याबद्दलही दोन शब्द. बंद-चालू केल्याने कधी कधी खरोखर फरक पडतो, यंत्राची साचलेली स्मृती रिकामी होते. पण कपाटाखाली चेपलेली तार त्याने सरळ होत नाही, आणि आपण काहीतरी केले असे समाधान होऊन खरा शोध पुढे ढकलला जातो.

प्रकरण इथे संपले असते, पण मुलीने एक वही घातली होती. सकाळी साडेदहा आणि दुपारी चार, अशा दोन वेळांचा वेग आणि पिंगचा आकडा ती रोज लिहू लागली. तिला कुणी सांगितले नव्हते. कशासाठी लिहितेस, असे आम्ही विचारले नाही. आठवड्याने तिने वही दाखवली. सकाळी पिंग ८ ते १० मिलिसेकंद. दुपारी चारला बहुतेक दिवशी ७०० च्या वर. पाकीट हरवत नव्हते, पण ताटकळत होते.

याचेही कारण आवक-जावकच्याच भाषेत सांगता येते. आपण फाईल उतरवतो तेव्हा आलेल्या पाकिटांच्या पोचपावत्या उलट पाठवाव्या लागतात. पोचपावती मिळाली नाही तर समोरचा पुढचे टपाल धाडत नाही. आमच्या योजनेत उतरवण्याचा वेग १०० असला तरी चढवण्याचा १० च होता. कुणी त्या १० च्या वाटेवर मोठी फाईल चढवायला घेतली की पोचपावत्या तिच्यामागे रांगेत अडकतात. कल्याण स्टेशनच्या जिन्यावर संध्याकाळी गाडी सुटल्यावर उलटा चढणारा माणूस जसा अडकतो, तसेच. जिम गेटिस या अमेरिकन तज्ज्ञाने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हे पकडले आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव दिले. यंत्रांत रांगेसाठी जागा गरजेपेक्षा मोठी ठेवलेली असते, म्हणून पाकिटे लांबलचक रांगेत मुरत बसतात, असे त्याचे निदान होते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि वर उल्लेखिलेल्या व्हॅन जेकबसन यांनी ही रांग आटोक्यात ठेवण्याची रीत काढली. ती काही राउटरांत असते. आमच्यात नव्हती.

चार वाजता कोण काय चढवते, ते राउटरच्या पानावर दिसले. एकाच संगणकाचा आकडा सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता. तो साहेबांचा. वार्षिक सभेचे व्हिडिओ आणि घरचे फोटो आपोआप बाहेर साठवले जावेत अशी सोय त्यावर कुणीतरी लावून दिली होती आणि वेळ चारची ठेवली होती. साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता, हे आम्ही मानतो. त्या सोयीला चढवण्याची मर्यादा घालता येते, ती आम्ही ४ वर आणली. दुसऱ्या दिवशी चारला पिंग १५.

ही गोष्ट साहेबांना सांगायला आम्हीच गेलो, मुलीला पाठवले नाही. शेजारच्या टेबलावरच्यांना हसू आवरेना, पण आम्ही हसलो नाही. राउटरच्या पानाची छापील प्रत पुढे ठेवली आणि त्याच वेळी दुसरा अर्जही ठेवला. शेरे लिहायच्या वहीतली १२ सप्टेंबरची नोंद वस्तुस्थितीला धरून नाही, तरी ती रद्द व्हावी, असा. "आता कोण बघतंय ती वही, राहू द्या," साहेब म्हणाले. कंत्राट नूतनीकरणाच्या वेळी तीच वही बघतात, हे आम्ही त्यांना सांगितले. अर्ज तीन आठवडे टेबलावर पडून होता. आम्ही दर सोमवारी आठवण करत राहिलो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी वही मागवली, लाल नोंदीवर आडवी रेघ मारली, खाली 'नोंद रद्द' लिहून सही आणि तारीख टाकली. वायफायचा नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे दिला, तिला द्या म्हणाले. तिने चिठ्ठी ठेवून घेतली आणि विचारले, "सर, त्या पानाची झेरॉक्स मिळेल का?"

आम्ही दोन काढून दिल्या.