रग्बीतले आरक्षण चालते, मग आमचे का खुपते?

जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या स्टेडियमवर रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. जीएमआर स्पोर्ट्स आणि रग्बी इंडिया यांनी मिळून उभी केलेली ही लीग. मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद आणि कलिंगा अशा सहा फ्रँचायझी. प्रत्येक संघात १३ खेळाडू. त्यातले पाच परदेशातले नामवंत, तीन हाँगकाँग, कॅनडा, जर्मनी या देशांतले 'ब्रिज' खेळाडू, आणि उरलेले पाच भारतीय. एकूण ७८ खेळाडूंत भारतीय ३०.

भारतातल्या लीगमध्ये भारतीयच अल्पसंख्य! अशी नवी लीग निघाली की नेहमीचे दोन सूर लागतात. एक म्हणतो, परदेशी कशाला, स्थानिक टॅलेंटला संधी द्या. दुसरा म्हणतो, परदेशी आले की दर्जा वाढतो, आपली पोरे त्यांच्याकडून शिकतात. या दोघांच्या भांडणात आपण कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे ठरवण्याआधी आंबेडकरी तरुणांनी त्या पाच जागांकडे नीट पाहावे.

त्या पाच जागा राखीव आहेत. दुसरा शब्द नाही त्याला. खुल्या बाजारात, फक्त 'गुणवत्तेवर' निवड केली असती तर फिजी, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू घेऊन सगळ्या १३ जागा भरता आल्या असत्या. तसे केले नाही. कारण भारतीय खेळाडूला मैदानात उतरण्याची संधीच मिळाली नाही तर तो कधीच तयार होणार नाही, हे आयोजकांना कळते. आयपीएलमध्ये अकरात जास्तीत जास्त चार परदेशी, म्हणजे सात जागा भारतीयांच्या. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ साली मैदानात किमान पाच भारतीय हवेत असा नियम होता. २०१७ मध्ये तो सहावर गेला, २०२१ मध्ये सातवर. आरक्षण टप्प्याटप्प्याने वाढवत नेले! का? तर पुढे गोल करणारा खेळाडू नेहमी परदेशी असायचा आणि भारतीय पोरगा बाकावर बसून राहायचा. बाकावर बसून कोणी खेळाडू होत नाही.

यावर कोणी मोर्चा काढला का? 'कोट्यातला बॉलर' असे कोणी आयपीएलच्या खेळाडूला हिणवले का? राखीव जागेमुळे क्रिकेटचा दर्जा घसरला असा अग्रलेख कोणी वाचला का? उलट सगळे टाळ्या वाजवतात. आणि टाळ्या वाजवणारा हाच मध्यमवर्गीय माणूस संध्याकाळी मोबाईल हातात घेऊन 'आरक्षणाने देशाची वाट लावली' असा मेसेज पुढे ढकलतो. परदेशी खेळाडूसमोर स्वतः मागास ठरल्यावर त्याला राखीव जागेचे तत्त्व एका मिनिटात समजते. पिढ्यान् पिढ्या मैदानाबाहेर ठेवलेल्या माणसाला तेच तत्त्व लागू करायचे म्हटले की मग मात्र मेरिट आठवते. असमानांना एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे म्हणजे समता नव्हे, ही बाबासाहेबांची मांडणी यांनी क्रीडा क्षेत्रात बिनबोभाट मान्य करून टाकली आहे. आपण ती मान्यता त्यांच्या तोंडून वदवून घेतली पाहिजे.

पण म्हणून 'स्थानिकांना संधी द्या' या घोषणेमागे आपण डोळे झाकून जायचे का? मला ती घोषणा अर्धवट वाटते. स्थानिक म्हणजे कोण? हा प्रश्न पुण्यात बसून विचारायचा तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा. चर्मकार कुटुंब, वडील लष्करात नोकरीला. पोरवयात हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर कामाला लागला. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबवर गेला, तिथे चार रुपये. तिथल्या साहेबांना सरावासाठी बॉलर लागायचे, म्हणून त्याच्या हातात चेंडू आला. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला बॅट्समन. असे सांगतात की आपल्याला बाद केल्यावर दर वेळी तो बाळूला आठ आणे द्यायचा. बाळूने त्या नेटमध्ये तासन् तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्याच्या हातात कोणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची.

ही झाली परदेशी लोकांची गोष्ट. आता स्थानिकांची ऐका. साहेबांना चीत करणारा हा बॉलर आपल्या संघात हवा असे पुण्याच्या हिंदूंना वाटू लागले. मग वाद झाला. अस्पृश्याबरोबर खेळायचे कसे? शेवटी जिंकायची हाव मोठी ठरली आणि त्याला घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलायचे, पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर. त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! याच माणसाने १९११ मध्ये भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० मध्ये त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे व्यवस्था हलली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. (बाळू पुढे पुणे कराराच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून खुद्द बाबासाहेबांविरुद्ध लढून हरले, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्या राजकारणाचा हिशेब वेगळा. त्यांच्या कपाचा हिशेब वेगळा.)

परदेशी साहेबाने मजुरी दिली, बॅट दिली नाही. स्थानिक हिंदूने संघात जागा दिली, कप दिला नाही. मग सांगा, 'परदेशी विरुद्ध स्थानिक' या कुस्तीत आपला पैलवान कोणता? आजच्या रग्बी लीगवर बोलताना ज्यांना अचानक स्थानिकांचा पुळका येतो, त्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या 'स्थानिक' या शब्दात ताडीवाला रोड येतो का? जनता वसाहत येते का? कासेवाडी येते का? की स्थानिक म्हणजे इंग्रजी शाळा, क्लबची मेंबरशिप आणि वडिलांची गाडी असलेलाच पोरगा?

रग्बीचा तर या देशातला जन्मच साहेबाच्या क्लबातला. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात पहिला गाजलेला सामना झाला, पाठोपाठ कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. चार-पाच वर्षांत क्लब बसला, कारण खेळणारी गोरी पलटण निघून गेली आणि मागे स्थानिक खेळाडू कोणी तयारच केला नव्हता. क्लबने बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते वितळवून चषक केला आणि विलायतेला पाठवून दिला. आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड तो 'कलकत्ता कप' खेळतात. चांदी इथल्या रुपयांची, चषक तिकडचा.

पुण्याने तर हे अगदी अलीकडे पाहिले आहे. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी नावाची फुटबॉल फ्रँचायझी आली. मालकांत बांधकाम क्षेत्रातला वाधवान समूह, सोबत हृतिक रोशन. फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला दाविद त्रेझेगे बालेवाडीत खेळायला आणला. पोस्टर, झेंडे, ढोलताशे, सगळे झाले. २०१९ मध्ये मालकांचे आर्थिक गणित बिघडले, क्लब बंद पडला आणि लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. क्लबच्या अकादमीत घडत असलेल्या पोरांना कोणी विचारले? त्याआधी पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स अशी एकामागून एक नावे आली आणि गेली. फ्रँचायझी हा धंदा आहे. तोटा दिसला की ती सामान बांधते. वस्ती मात्र कुठे जात नाही.

याचा अर्थ परदेशी खेळाडू वाईट असा नाही, आणि इथे मी स्थानिकवाद्यांपासून फारकत घेतो. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला प्रो कबड्डीचे विजेतेपद जिंकले. कर्णधार अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातला. संघाचा सर्वांत मोठा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई, इराणचा, लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. दोघांनी मिळून चषक आणला आणि इराणी खेळाडूमुळे अस्लमची जागा गेली नाही. का? कारण कबड्डी गावोगावच्या मातीत होती. तालमी, मंडळे, शाळांच्या स्पर्धा आधीपासून होत्या, लीग त्यावर येऊन बसली. रग्बीत लीग आधी आली, माती अजून भरायची आहे. पाया नसलेल्या घरावर परदेशी कौले चढवली तरी ती किती दिवस टिकणार?

पाया कसा भरतात ते बघायचे असेल तर मुलींच्या रग्बीकडे बघा. २००९ मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पुण्याच्या वाहबिझ भरूचा आणि नेहा परदेशी यांच्यासारख्या मुलींनी हा संघ उभा केला, तोही कोणतीही लीग नसताना. २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून १५ जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. निर्णायक किक मारणारी सुमित्रा नायक ही ओडिशाची आदिवासी मुलगी. ओडिशातून एवढ्या आदिवासी मुली राष्ट्रीय संघात का येतात? भुवनेश्वरच्या किस या निवासी संस्थेत त्यांना राहायला जागा, पोटभर जेवण, मैदान आणि रोज शिकवणारा प्रशिक्षक मिळाला. त्या संस्थेवर आदिवासी चळवळीतल्या लोकांनी घेतलेले आक्षेप गंभीर आहेत. हजारो आदिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून, गावापासून तोडून एका खासगी छत्राखाली ठेवणे मलाही मान्य नाही. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: अंडी, दूध आणि मैदान दिले की 'टॅलेंट' आपोआप सापडते. आणि ज्या मुलींनी देशाला हा विजय मिळवून दिला, त्यांच्यासाठी लीगच्या पहिल्या हंगामात एकही जागा नव्हती. तो हंगाम फक्त पुरुषांचा होता. स्थानिक टॅलेंटवाल्यांनी यावर किती आवाज उठवला?

ओडिशात खासगी संस्थेने केले ते महाराष्ट्रात सरकारला करता येणार नाही का? सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठीच्या शासकीय निवासी शाळा आहेत, वसतिगृहे आहेत. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. इमारत आहे, मुले आहेत, बहुतेक ठिकाणी मोकळी जागाही आहे. रग्बीला काय लागते? चेंडू, गवत आणि शिकवणारा माणूस. क्रिकेटच्या एका किटच्या पैशात डझनभर पोरांना खेळता येईल असा हा खेळ. शिवाय खांद्याला खांदा भिडवल्याशिवाय, एकमेकांना घट्ट धरल्याशिवाय यात स्क्रम लागतच नाही. शिवाशिव पाळून हा खेळ खेळताच येत नाही.

पैसे नाहीत असे कोणी म्हणू नये. लीग सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मे २०२५ मध्ये, राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा आपल्या पोरांच्या ताटातला, वसतिगृहातला, शिष्यवृत्तीतला. बहिणींना पैसे द्यायला कोणाचा विरोध नाही, ते सरकारने सर्वसाधारण तिजोरीतून द्यावेत. आमच्या पोरीच्या तोंडचे दूध काढून तिच्याच आईच्या खात्यात टाकायचे आणि वर उपकाराची जाहिरात करायची, हा कुठला न्याय?

थोडे आपल्या घरातही बघू. जयंतीला आपली मंडळे डीजेवर किती उधळतात हे मी सांगायला नको. एका रात्रीच्या आवाजात वस्तीतल्या २० पोरींचे वर्षभराचे बूट येतात. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धा आपण भरवतो, चषकावर नगरसेवकाचा फोटो असतो, आणि मुलींचा संघ त्यात शोधूनही सापडत नाही. हे बदलायला कोणत्याही फ्रँचायझीची परवानगी लागत नाही.

आणि हे केवळ हौसेचे काम नाही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. ज्या खेळात अजून गर्दी नाही, त्या खेळात राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पोहोचण्याची वाट आज मोकळी आहे. ही वाट अकादमीची फी भरणाऱ्यांच्या लक्षात आपल्या आधी येते, हा नेहमीचा अनुभव.

म्हणून पुण्याच्या कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात माहिती अधिकाराचे तीन अर्ज टाकावेत. पहिला महापालिकेला: झोपडपट्टी भागात क्रीडांगणासाठी आरक्षित असलेले भूखंड किती, त्यातले ताब्यात किती आणि त्यावर आज काय उभे आहे? दुसरा क्रीडा विभागाला: १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून बांधलेल्या बालेवाडीच्या संकुलात गेल्या पाच वर्षांत किती दिवस खासगी कार्यक्रम झाले आणि महापालिका शाळांच्या मुलांना ते किती दिवस फुकट मिळाले? तिसरा सामाजिक न्याय विभागाला: पुणे जिल्ह्यातल्या निवासी शाळांत क्रीडा शिक्षकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? अर्ज १० रुपयांचा आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची. उत्तरे आली की ती घेऊन रग्बी इंडियाच्या दारात जाऊ आणि विचारू, पुढच्या हंगामातल्या भारतीयांच्या राखीव जागांवर बसायला या शाळांतली मुले-मुली कधी तयार करणार?

जय भीम.