मंडळाचे वर्ष, मच्छीमाराचे वर्ष

मत्स्य महाविद्यालयांतील विद्यार्थी मंडळांचे वर्ष बहुधा दोन दिवसांत आटोपते. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन आणि २१ नोव्हेंबरचा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन. हार, भाषणे आणि अहवाल. या दिवसांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन घडविले, म्हणूनच समुद्रापासून दूर, तापीकाठच्या बऱ्हाणपुरासारख्या मुलखातही तळ्यांत मत्स्यबीज सोडता येते. त्याचे स्मरण व्हावेच.

परंतु १९८१ साली स्थापन झालेल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयापासून रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर दूर नाही. शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाचे पिल्लू एकदाही अंडी न घालता जाळ्यात गेले, तर उद्याचे जाळे रिते येणार, हे मच्छीमारास कोणी शिकवावयास नको. कर्जाचा हप्ता मात्र त्यास थांबू देत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी आठवड्याची एक पहाट मोजपट्टी घेऊन बंदरावर काढावी, नोंदी ठेवाव्यात, आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, जाळी दुरुस्तीस काढलेली असताना, त्या वाड्यावाड्यांतून वाचून दाखवाव्यात. मच्छीमाराची बाजूही त्याच वहीत लिहून घ्यावी.

अशी बारा महिन्यांची वही ज्या मंडळापाशी असेल, त्याचेच वर्ष कारणी लागले, असे आम्ही म्हणू.