कोरा रकाना

१६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाहिस्तेखानाशी दीड महिन्याहून अधिक काळ लढवला, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण आज मोटारींचे कारखाने आहेत तिथली पाणंद कुठून जायची, कांदा कोण लावायचं? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापले. त्यांत वतनदार भेटतात, कांदा लावणारी बाई क्वचितच. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो. सरकारनं एवढी सोय केली आणि आपण अनेक उताऱ्यांवर तो कोराच ठेवला! जमीन विकली, बंगला झाला, नाव आजीपाशीच राहिलं. पुढल्या अंकापासून अशी नावं छापतोय. आजीला विचारून कळवा. भाऊबंदांत वाद निघाला, तर दोन्ही नावं छापू.