'हुशार' मुलांचे सत्कार आता पुरेत



उन्हाळा संपत आला की इथल्या अनेक महाराष्ट्र मंडळांत गणेशोत्सवाची तयारी सुरू होते, आणि कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास असते: 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार'. सॅटचे गुण, स्पेलिंग बीमधला क्रमांक, नामवंत विद्यापीठात मिळालेला प्रवेश वाचून दाखवायचा, प्रशस्तिपत्र द्यायचं, फोटो काढायचा. पालकांचे चेहरे फुललेले, आणि मागच्या रांगेत बसलेली बाकीची मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. हा कार्यक्रम बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो निरुपद्रवी कौतुकसोहळा नाही. त्यातून आपण मुलांना एक चुकीचं विज्ञान शिकवतो आणि त्याच्या पाठोपाठ एक जुना सामाजिक समजही.

आधी आपली भाषा बघा. "तसा हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही." हे वाक्य आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो, पण त्यात लपलेला अभिमान कुणापासून लपत नाही. उलट मेहनत करून गुण मिळवणाऱ्या मुलाबद्दल आपण म्हणतो, "तो काय, घोकंपट्टी करतो." म्हणजे कष्ट करावे लागणं हीच कमी बुद्धीची खूण. दहा वर्षांच्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो. हुशार दिसायचं असेल तर कष्ट लपवा, आणि जिथे कष्ट पडतील अशा वाटेला जाऊच नका.

हा नुसता तर्क नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" असं म्हटलं, तर काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस" असं. नंतर सगळ्यांना अवघड कोडी दिली आणि शेवटी पुन्हा सोपी. 'हुशार' ठरवलेल्या मुलांची शेवटची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितले, तेव्हा 'हुशार' मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी ते वाढवून सांगितले. एका वाक्याच्या कौतुकाने हे होतं. आपण तर स्टेज, माईक आणि टाळ्या पुरवतो.

बक्षिसांचंही तेच. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ' असं आधी सांगून ते दिलं. काही दिवसांनी ही मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे वळेनाशी झाली. ज्यांना बक्षीस मिळालंच नव्हतं त्यांच्या जवळपास निम्माच वेळ ती चित्रांना देत होती. आवडीचं काम मजुरी झालं की मजुरी थांबल्यावर काम थांबतं.

आता दुसरा आणि जास्त नाजूक मुद्दा. "आपल्या मुलांच्या रक्तातच आहे" हे वाक्य तुम्ही पॉटलकमध्ये ऐकलेलं आहे. 'आपल्या' म्हणजे नेमक्या कुणाच्या, हे सहसा कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेतल्या भारतीयांच्या यशाबद्दल संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंह यांनी सविस्तर पुस्तकच लिहिलं आहे. त्यांचा निष्कर्ष असा की आपण तिहेरी चाळणीतून आलो आहोत. उच्चशिक्षणापर्यंत पोचू देणारी सामाजिक उतरंड ही पहिली चाळणी, प्रवेशपरीक्षा ही दुसरी आणि शिकलेल्यांनाच निवडणारे अमेरिकी व्हिसाचे नियम ही तिसरी. अशा तीन चाळण्यांतून उतरलेल्यांची मुलं शाळेत पुढे असली तर त्यात रक्ताला श्रेय कशाला? ज्यांच्यासाठी पहिलीच चाळणी कित्येक शतकं बंद होती, त्यांचं काय?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या गावांमधला अभ्यास इथे आठवावा. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा तथाकथित उच्च आणि नीच जातींच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मुलांची नावं जातींसकट सर्वांसमोर वाचून दाखवली आणि दरी उघडली. मेंदू तेच, कोडी तीच. बदललं ते एवढंच, की 'तू कोण' हे समाजाने मोठ्याने सांगितलं.

"म्हणजे अनुवंशिकता खोटी का?" हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून संशोधक म्हणून उत्तर देते. खोटी नाही. पण एखादा गुण अनुवंशिक असणं आणि तो न बदलणारा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची बरीचशी अनुवंशिक असते, तरीही दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच राहिली, अन्न आणि आरोग्य बदललं.

आता उलट बाजूचा भोंगळपणाही सोडायला नको. 'मनोवृत्ती बदला, सगळं जमेल' असं सांगणारी पोस्टर्स शाळांच्या भिंतींवर लागली आहेत. पुरावा इतका उदार नाही. अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. एका तासाहून कमी वेळाच्या ऑनलाईन धड्याने मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड सुधारले, पण सुमारे ०.१ गुणांनीच. आणि आव्हान स्वीकारणाऱ्याला साथ देणारी मुलं जिथे आजूबाजूला होती, तिथेच तो फायदा टिकला. म्हणजे बी चांगलं असून भागत नाही, जमीनही तशी लागते. आपल्या मुलांसाठी त्या जमिनीचा एक तुकडा म्हणजे आपलं मंडळ.

'मेहनत कर' एवढंच सांगणं क्रूरही ठरतं. चुकीच्या पद्धतीने तासन् तास बसलेल्या मुलाला आपण आणखी बस म्हणतो, आणि अपयश आलं की दोष त्याच्याच माथी मारतो. पद्धत शिकवता येते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं की धडा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे निघतात ते पुस्तक मिटून आठवून लिहिणारे. कॉलेजपर्यंत पोचलेल्या किती मुलांना हे कुणी सांगितलेलं असतं? तसंच 'पाठांतर नको, विचारशक्ती हवी' ही घोषणा अर्धीच खरी आहे. बुद्धिबळाच्या पटावरची खरी स्थिती उस्तादांच्या लक्षात राहते, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या तर ते नवशिक्यांपेक्षा फारसे पुढे नसतात, हे चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्येच दाखवलं. विचार हवेत होत नाही. त्याला माहितीचा पाया लागतो, आणि तो वर्षानुवर्षं बांधावा लागतो.

आपल्याला हे परक्यांकडून शिकण्याची खरं तर गरज नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलींना आणि शूद्रातिशूद्रांना विद्या झेपणारच नाही असं मानणारे स्वतःला विद्वान म्हणवत होते. त्यांना उत्तर दिलं ते विद्यार्थ्यांनी. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. कोण शिकू शकतो हा वाद महाराष्ट्रात तेव्हाच निकालात निघायला हवा होता. आपण तो विमानात घालून इथे आणला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंदा सत्कार नको. त्याऐवजी तासभर कोणत्याही मुलाने किंवा मुलीने स्टेजवर यावं, आणि वर्षभरात आपल्याला न जमलेली एक गोष्ट सांगावी: काय करून पाहिलं, कुठे अडलं, मग काय बदललं. अजूनही जमलेली नसली तरी चालेल. प्रयोगशाळेत आमचं रोजचं आयुष्य हेच असतं. बहुतेक प्रयोग फसतात, आणि का फसले हे शोधणाऱ्यालाच आम्ही चांगला संशोधक म्हणतो. गुण, कॉलेज आणि आडनाव यांतलं काहीही त्या तासात वाचून दाखवू नये. वाटल्यास मुलांबरोबर एखाद्या डॉक्टर काकांनी किंवा इंजिनिअर मावशींनीही बोलावं. पोरांना ते जास्त उपयोगी पडेल.

"मुलांचं कौतुकही करायचं नाही का?" असं कुणी विचारेलच. करा ना, भरपूर करा. पण जे त्याने केलं त्याचं करा. जे त्याला जन्माने मिळालं असं तुम्हाला वाटतं, त्याचं नको. मागच्या रांगेतली मुलंही आपलीच आहेत, आणि वर्षातून एकदा त्यांना 'तू त्यांच्यातला नाहीस' हे माईकवरून ऐकवण्याचा अधिकार कुठल्याही कार्यकारिणीला नाही.

पटलं नाही तर जरूर लिहा, वाद घालू. पटलं असेल तर पुढच्या मीटिंगला या आणि हात वर करा.