वेग कमी, पण नेम पक्का

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल सामन्यांना आता पालक वेग मोजण्याचे यंत्र घेऊन येतात. चेंडू किती वेगाने गेला, हे सगळे विचारतात. चेंडू कुठे गेला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आम्हाला वाटते, आधी विचारायला हवे ते हेच.

चेंडू फेकणाऱ्याला तिथे पिचर म्हणतात. मोठ्यांच्या सामन्यात तो 60 फूट 6 इंचांवरून, अवघ्या 17 इंच रुंद होम प्लेटवरून चेंडू टाकतो. ताशी 90 मैलांचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. वेगाचा फायदा आहेच. पण एकाच वेगाला फलंदाज लवकर सरावतो.

ग्रेग मॅडक्स यांची ओळख वेगासाठी नव्हती, नेमासाठी होती. 1992 ते 1995 सलग चार वर्षे त्यांना पिचरचा सर्वोच्च ‘साय यंग’ पुरस्कार मिळाला. त्यांनी 355 सामने जिंकले. जेमी मॉयर तर त्याहून संथ. तरी 2012 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी त्यांनी सामना जिंकला. मेजर लीगचा सामना जिंकणारे ते सर्वांत वयस्कर पिचर.

मुलाने काय शिकावे? आधी साधा सरळ चेंडू ठरवलेल्या जागी टाकणे, विशेषतः खाली आणि बाहेरच्या कडेला. मग ‘चेंज-अप’: हात तितक्याच जोरात फिरवायचा, पण चेंडू तळव्यात खोल धरायचा. तो हळू येतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. आपल्या क्रिकेटमधला संथ चेंडू असाच फसवतो. आणि पहिलाच चेंडू अचूक पडला, की दडपण फलंदाजावर येते.

वेगाच्या हव्यासाची किंमत कोपर मोजते. 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा स्नायुबंध शस्त्रक्रियेने नवा बसवला गेला. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आज शाळकरी मुलांवरही करावी लागते. म्हणूनच तिथल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडूंची मर्यादा आहे. 66 किंवा अधिक टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती.

वेग वयाबरोबर, अंगात ताकद आली की वाढतो. त्याची घाई आई-वडिलांनी करू नये. मूल मैदानातून आले की एवढेच विचारावे: आज किती चेंडू मनासारखे पडले? आणि हात दुखतोय का?